चुलीचा वैल

शास्त्रपाठ : लूक १०:३८-४२; १ करिंथ ८; योहान २१:१-१४



ज्यांनी आपल्या आजीची मातीची चूल पाहिली आहे, त्यांना वैल म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी सांगतो. चुलीच्या मुख्य तोंडाला लागून मागे किंवा बाजूला एक लहान तोंड असे. त्याच्याखाली वेगळे लाकूड कधीच घालीत नसत. चुलीतला जाळ आतल्या वाटेने तेथवर येई आणि त्या उष्णतेवर आमटीचे भांडे तासन्‌तास मंदपणे रटरटत राही. भाकऱ्या तव्यावर होत, त्यांच्याकडे सारखे लक्ष द्यावे लागे; वैलावरच्या भांड्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नसे. तरी जेवणाची खरी चव त्याच भांड्यात तयार होत असे.

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातून चूल गेली आणि तिच्याबरोबर वैलही गेला. गॅस आला, प्रेशर कुकर आला; स्वयंपाक तासांवरून मिनिटांवर आला. तरीही संध्याकाळी सात वाजता कामावरून परतलेल्या गृहिणीला विचारा, आता तिच्यापाशी पूर्वीपेक्षा अधिक वेळ आहे काय? वेळ वाचविण्याची साधने वाढली आणि वेळ मात्र कमी झाला, हे आपणा सर्वांच्या घरचे कोडे आहे. त्या कोड्याविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे. विषय साधा आहे : धावपळीच्या दिवशी घरी रांधलेले एक जेवण. परंतु ज्या प्रभूने पाच भाकरी हातात घेऊन स्तुती केली, त्याला आपल्या स्वयंपाकघरातील गोष्ट क्षुल्लक वाटेल असे मला वाटत नाही.

पापनाशम गावी

काही वर्षांपूर्वी तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात जाण्याचा योग आला. तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम नावाचे तालुक्याचे गाव आहे. चोहोकडे कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातशेती. गावात एकशे आठ शिवलिंगांचे प्रसिद्ध मंदिर आहे. प्रभू रामचंद्रांनी येथे येऊन दोषमुक्तीसाठी पूजा केली, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे, आणि गावाच्या नावाचा संबंध त्या श्रद्धेशी जोडला जातो. जवळच तिरुप्पालैत्तुरै येथील देवळाच्या आवारात नायक राजांच्या काळातील विटांचे एक प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. पापाचा नाश आणि भुकेचा नाश, मनुष्याच्या या दोन जुन्या चिंता त्या एका गावात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या मला दिसल्या.

मराठी माणसाला त्या मुलुखात परके वाटत नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचे राज्य होते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीतच आहे. सरफोजीराजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात इतर हजारो हस्तलिखितांबरोबर ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा राजवाड्यातील स्वयंपाकाचा मराठी ग्रंथही जतन झाला आहे. राज्य जाऊन पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी त्या जिल्ह्यातील काही घरांत अजून एक जुन्या वळणाची मराठी बोलली जाते.

माझा मुक्काम एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात होता. यजमान बँकेच्या नोकरीनिमित्त तेथे बदलून आलेले. त्यांची पत्नी परिचारिका. सकाळी सातला घर सोडावयाचे, परतावयास दुपारचे चार-साडेचार. दोन मुले शाळेत. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी आठ-दहा जणांची प्रार्थनासभा भरत असे आणि सभेनंतर सर्वांचे जेवण. मी पोहोचलो तो दिवस गुरुवारच होता. साडेपाच वाजले होते. सभेला दीड तास उरला होता आणि घरात सामसूम! ओट्यावर विजेचे एक जाड मातीच्या भांड्याचे पात्र मंदपणे धुमसत होते. त्याच्या काचेच्या झाकणाजवळ मुलांसाठी चिठ्ठी होती : झाकण उघडू नये. बाई घरात नव्हत्या.

मला खरे सांगावयाचे तर थोडे आश्चर्य वाटले, थोडा रागही आला. पाहुणा घरी, सभा तोंडावर, आणि गृहिणी कोठे? यजमानांनी हसून शेजारच्या घराकडे बोट दाखविले. तेथील ओसरीवर त्या बाई एका अतिवृद्ध स्त्रीजवळ निवांत बसून बोलत होत्या. जणू जगात त्यांना दुसरे कामच नव्हते.

ही हकीकत पूर्ण करण्यापूर्वी त्या भांड्यात काय होते ते सांगितले पाहिजे. आपल्यापैकी कित्येक भगिनींना त्याचाच उपयोग अधिक होईल.

भांड्यातील जेवण

त्यात बीफ होते. सहा ते आठ माणसांसाठी खांद्याचे किंवा पायाचे साधारण एक किलो मांस, दीड-दोन इंचांचे तुकडे केलेले. महागडे, कोवळे मांस येथे कामाचे नाही. ते दीर्घकाळ शिजून कोरडे पडते. आदल्या रात्री तुकड्यांना हळद, मीठ व दोन मोठे चमचे आले-लसणाचे वाटण चोळून ते झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. तीन कांदे, दोन टोमॅटो व तीन बटाटे चिरून वेगळ्या भांड्यात ठेवावे. बटाट्याच्या फोडी पाण्यात बुडवून ठेवल्या तर काळ्या पडत नाहीत. दोन चमचे धने, एक चमचा मिरे, एक चमचा बडीशेप, चार सुक्या मिरच्या, दालचिनीचा तुकडा व तीन-चार लवंगा भाजून त्यांची पूड करून ठेवावी. वसईकडील आपल्या भगिनी येथे आपला बाटलीचा मसाला व चमचाभर व्हिनेगर घालतील, तेही उत्तमच.

सकाळी तळाशी बटाटे घालावे, कारण या मंद उष्णतेत मांसापेक्षा कंदमुळांना शिजावयास अधिक वेळ लागतो. त्यावर कांदा, मग मांस, मसाला, टोमॅटो, कढीपत्ता आणि केवळ अर्धा ते एक कप पाणी. वाफ बाहेर जात नसल्यामुळे रस आपोआप सुटतो. वेळ असल्यास मांस आधी थोड्या तेलात परतून घ्यावे. रंग व चव वाढते, पण न परतल्याने काही बिघडत नाही. भांडे निम्म्याहून अधिक व पाऊण भागाहून कमी भरावे. मंद आचेवर सुमारे आठ तास, तेजवर चार ते पाच तास. शेवटच्या अर्ध्या तासात अर्धी वाटी नारळाचे दूध घालावे. भात, भाकरी, पाव, कशाबरोबरही हे चालते. विजेचा खर्च म्हणाल तर अशी लहान पात्रे साधारण दोनशे वॅटच्या आसपास वीज घेतात. आठ तासांत दीड-दोन युनिट.

काही पथ्ये मात्र काटेकोर आहेत. गोठलेले मांस तसेच घालू नये, आधी फ्रिजमध्ये ठेवून पूर्ण सुटू द्यावे. वरचेवर झाकण उघडू नये. एकदा उघडले की गेलेली उष्णता भरून यावयास वीस-तीस मिनिटे लागतात. राजमा कच्चा घालू नये. तो भिजवून, पाणी बदलून, वेगळा किमान दहा मिनिटे खळखळून उकळल्याखेरीज त्यातील विषारी द्रव्य नष्ट होत नाही आणि मंद आचेवर ते टिकून राहते. आपण घरी नसताना वीज गेली आणि किती वेळ गेली हे कळले नाही, तर मन घट्ट करून अन्न टाकून द्यावे; वासावरून ते चांगले आहे असे ठरवू नये. पापनाशमच्या त्या भगिनीने दोनदा असे भांडेभर जेवण टाकले होते आणि त्या दिवशी सभेला दहीभात वाढला होता. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर उकळून घ्यावे.

ज्यांच्याकडे असे पात्र नाही त्यांनी खेद करू नये. जाड बुडाचे पातेले, त्याखाली तवा, वर घट्ट झाकण आणि गॅसची सर्वांत लहान ज्योत. सुटीच्या दिवशी तीन तासांत हेच जेवण होते. केवळ जवळ कोणीतरी असले पाहिजे. घाई असेल तर प्रेशर कुकर आहेच. आणि बीफविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगतो : या बाबतीत आपल्या देशात राज्याराज्यांचे कायदे निरनिराळे आहेत. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. म्हशीचे मांस त्यात येत नाही. अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे. आपल्या राज्यात जे कायद्याने योग्य तेच आणावे. म्हशीचे किंवा बकऱ्याचे मांस याच रीतीने शिजते.

मार्थेचे दुखणे

आता मला स्वतःचा एक दोष आपल्यापुढे मांडू द्या. मार्था व मरीया यांच्या कथेवर मी आयुष्यात अनेकदा उपदेश केला आहे. एका रविवारी असाच उपदेश करून घरी आलो. माझ्याबरोबर पाच पाहुणे होते, आणि ते येणार हे मी आदल्या रात्री नऊ वाजता घरात सांगितले होते. पत्नी त्या दिवशी उपासनेला उशिरा आली होती आणि शेवटच्या गीतापूर्वीच निघून गेली होती. जेवणे झाली, पाहुणे गेले. मी तिला म्हणालो, “आजचा उपदेश तुझ्या कानावर पूर्ण पडला नाही.” ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही मार्थेला दटावलेत हे मी ऐकले. पण आज जेवलात कोणाच्या हातचे?”

वाचकहो, त्या प्रश्नाने मला पुन्हा शास्त्रापुढे बसविले. लूकने मार्थेविषयी जो शब्द योजिला आहे, त्याच्या मूळ ग्रीक अर्थात चोहोकडे ओढले जाण्याचा भाव आहे. प्रभूने तिच्या रांधण्याला दोष दिलेला नाही. तो तिच्या ओढाताणीविषयी, अनेक गोष्टींच्या काळजीविषयी बोलला, आणि बोलताना तिचे नाव त्याने दोनदा घेतले. ज्याला रागवावयाचे असते तो असे नाव घेत नाही. ज्याचे काळीज कळवळते तोच घेतो. पुढे योहानाच्या बाराव्या अध्यायात पुन्हा बेथानी आहे, पुन्हा मेजवानी आहे, आणि मार्था पुन्हा वाढीतच आहे. तेथे तिची तक्रार नाही, आणि प्रभूने तिला थांबविलेलेही नाही. तिचे हात तेच काम करीत होते. मन मात्र एका ठिकाणी आले होते.

आपण पुरुष या कथेचा मोठा दुरुपयोग करीत आलो. मरीयेची स्तुती करावयाची आणि दोन्ही बहिणींचे काम एकीकडून करून घ्यावयाचे, हा अन्याय आहे. मार्थेने प्रभूला विचारले होते की, माझ्या बहिणीने मला एकटीला टाकले याची आपणांस पर्वा नाही काय? आज तो प्रश्न आपल्या घराघरांतून विचारला जात आहे, आणि तो बहिणीविषयी कमी व आपल्याविषयी अधिक आहे. पापनाशमच्या त्या घरी बुधवारी रात्री कांदे कोण चिरतो, हे मी विचारले. यजमानांनी स्वतःचा हात वर केला. मला माझी लाज वाटली.

शब्बाथाचे भांडे

मंद आचेच्या या पात्राचे मूळ शोधू गेल्यास आपण पवित्र शास्त्रापर्यंत पोहोचतो. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोकांना सांगितले गेले की, काय भाजावयाचे, काय शिजवावयाचे ते आदल्या दिवशीच करून ठेवा. उद्या प्रभूचा विसावा आहे. पस्तिसाव्या अध्यायात शब्बाथ दिवशी घरात विस्तव पेटविण्यास मनाई आहे. मग त्या दिवशी ऊन अन्न मिळावयाचे कसे? पूर्व युरोपातील यहूदी घरांतून शुक्रवारी संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी मांस, बटाटे, कडधान्य व धान्य यांचे भांडे भटारखान्याच्या निवत जाणाऱ्या भट्टीत ठेवीत आणि शनिवारी दुपारी ते काढून आणीत. लिथुआनियातील विल्ना शहरातील ही आठवण एका आईने अमेरिकेत आपल्या मुलाला सांगितली. तो मुलगा म्हणजे अर्व्हिंग नॅक्सन. त्याने त्यावरून विजेचे मंद पात्र घडविले आणि १९४० मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. १९७१ पासून ते नव्या नावाने अमेरिकेत घरोघर पोहोचले.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल बांधवांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत, हे आपणांस ठाऊक असेल. सहा दिवस घाणा चालवीत आणि शनिवारी बैलही मोकळा, माणूसही मोकळा. शेजाऱ्यांनी त्यांना त्यांच्या विसाव्यावरून ओळखले! आपल्याला आपले शेजारी कशावरून ओळखतात? आपल्या घाईवरून तर नाही?

म्हणून माझे म्हणणे असे की, मंद आचेचे भांडे हे मुळात वेळ वाचविण्याचे यंत्र नव्हे. तो वेळ देवासाठी राखून ठेवण्याचा एक मार्ग होता. हा भेद आपण विसरलो म्हणून वाचलेला वेळ आपल्या हाती राहत नाही. वाचलेली घटका कोणाला द्यावयाची हे आधी ठरलेले नसेल, तर ती दूरदर्शन संचाला किंवा हातातल्या फोनला जाते. एसावाची गोष्ट आठवा. तो रानातून थकून आला, समोर याकोबाने शिजविलेले लाल वरण होते, आणि एका जेवणाची घाई त्याला ज्येष्ठपणाहून मोठी वाटली. वरण वाईट नव्हते. भूकही पाप नव्हती. आत्ताच्या आत्ता हवे, या एका हट्टात त्याने जे परत मिळत नाही ते देऊन टाकले.

शेजारच्या ओसरीवर

आता त्या गुरुवारच्या संध्याकाळकडे वळू. शेजारची ती वृद्ध स्त्री तंजावरच्या जुन्या मराठी ब्राह्मण कुटुंबातील होती. घरात सुना-नातवंडे तमिळ बोलत. मराठी बोलावयास कोणी उरले नव्हते. हे ख्रिस्ती कुटुंब शेजारी आल्यापासून आजी रोज संध्याकाळी काठी टेकीत यावयाच्या, केवळ मराठी ऐकावयास. एका संध्याकाळी त्या आल्या तेव्हा मांसाच्या भांड्याचे झाकण नुकतेच उघडले होते. आजी दारातूनच परतल्या. चार दिवस आल्या नाहीत.

आपल्या भगिनीपुढे प्रश्न उभा राहिला. पौलाने करिंथकरांस लिहिले आहे की, अन्नामुळे आपण देवाजवळ अधिक जात नाही की दूरही जात नाही. परंतु माझ्या खाण्याने माझा भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. हा अध्याय मूर्तींना दाखविलेल्या नैवेद्याविषयी व मंडळीतील दुर्बळ बंधूविषयी आहे, आणि आजी तर मंडळीतल्या नव्हेत, असे म्हणून तो प्रश्न सोडून देता आला असता. घर आपले, पैसा आपला, कायद्याची आडकाठी नाही, असेही म्हणता आले असते, आणि ते खोटे नव्हते. उलट, आजींना कळू नये म्हणून दारे-खिडक्या लावून चोरून रांधताही आले असते. तिने दोन्ही केले नाही. पाचव्या दिवशी ती आजींच्या ओसरीवर गेली आणि म्हणाली, “आजी, आमच्या घरी गुरुवारी मांस शिजते. मी ते आपल्यापासून लपविणार नाही. पण गुरुवारी आपण येऊ नये, मी येत जाईन.”

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून आत गेल्या आणि ताकाचा पेला घेऊन आल्या.

तेव्हापासून दर गुरुवारी, भांडे आपले आपण शिजत असताना, ती तासभर त्या ओसरीवर बसत असे. बाकीच्या दिवशी आजी येत. त्यांच्यासाठी एक निराळे पातेले व निराळा पेला फडताळात ठेवलेला मी पाहिला. आजी आपल्या धर्मात होत्या, ही आपल्या. कोणी कोणाला फसविले नाही, कोणी कोणाला तुच्छ लेखले नाही. मी ज्या वेळेला आळस समजलो होतो, ती त्या आठवड्यातील सर्वांत महाग घटका होती. आठ तास ते भांडे शिजत होते ते केवळ सभेच्या जेवणासाठी नव्हे, त्या ओसरीवरच्या एका तासासाठीही.

याच तंजावरात अडीचशे वर्षांपूर्वी ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी राहत होता. त्याने तमिळबरोबर मराठीही शिकून घेतली होती. हैदर अलीच्या स्वारीच्या काळात, १७८० नंतर, तंजावरच्या किल्ल्यात उपासमार झाली. बाहेर धान्य होते, पण ते आणावयास बैल मिळेनात, कारण पूर्वी शेतकऱ्यांचे बैल व धान्य नेऊन पैसे बुडविले गेले होते. राजाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा श्वार्ट्झने आपला शब्द दिला की, पैसे मी देईन. एक-दोन दिवसांत हजारावर बैल आले आणि थोड्याच अवधीत ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात पोहोचले. पुढे त्याने सर्वांचे पैसे चुकते केले. १७९८ मध्ये तो वारला. ज्यांचा त्याने पालकाप्रमाणे सांभाळ केला होता त्या सरफोजीराजांनी इंग्लंडचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. त्यात राजा त्याच्या मृत्युशय्येपाशी उभा आहे.

शेतकऱ्याने आपला बैल कोणाच्या हाती द्यावा? ज्याच्या शब्दावर त्याचा भरवसा असेल त्याच्या हाती. असा भरवसा एका दिवसात तयार होत नाही. तो वैलावर शिजतो. त्या भगिनीने गुरुवारची ती ओसरी एकदाही चुकविली नाही, आणि म्हणून आजींनी ताकाचा पेला पुढे केला.

चिवट काळीज

शेवटी भांड्यातल्या त्या मांसाकडे पुन्हा पाहू. खांद्याचे व पायाचे मांस चिवट का असते? जनावराने त्याच अवयवांनी आयुष्यभर ओझे ओढलेले असते. स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजन नावाचे प्रथिन तेथे दाटलेले असते. प्रखर जाळावर ते आकसते व मांस अधिकच कठीण होते. परंतु सुमारे सत्तर अंशांच्या वरच्या उष्णतेत, ओलाव्यात, तासन्‌तास राहिले की तेच कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचे मऊ जिलेटिन होते आणि रसाला दाटपणा येतो. ज्याने सर्वांत अधिक कष्ट सोसले, त्याच भागात शेवटी सर्वांत अधिक गोडी निघते. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो.

आपल्या घरात, मंडळीत, अशी काही काळजे आहेत. ओझी ओढून ओढून कठीण झालेली. आपण त्यांच्यावर जाळ धरतो. एक कडक उपदेश, एक कडक पत्र, आणि ती अधिक आकसतात. मग आपण म्हणतो, हा मनुष्य सुधारावयाचा नाही. आपण झाकणही वरचेवर उघडून पाहतो : झाला का मऊ? आणि प्रत्येक वेळी ऊब घालवितो.

पापनाशम या नावाचा विचार मी परतीच्या गाडीत करीत होतो. पापाचा नाश कसा होतो? आपला विश्वास असा की, पापाचा दंड वधस्तंभावर एकदाच, कायमचा भरला गेला. क्षमा मिळावयास आठ तास लागत नाहीत, तिला एक क्षण पुरतो. परंतु क्षमा मिळालेले काळीज मऊ होण्याचे काम आयुष्यभर चालते. तेथे आपल्या खाली वेगळे लाकूड नाही. वैलाप्रमाणे दुसऱ्याच अग्नीची ऊब आपल्यापर्यंत येते, आणि आपले काम इतकेच की त्या अग्नीपासून भांडे दूर न्यावयाचे नाही.

योहानाने आपल्या शुभवर्तमानात कोळशांच्या विस्तवाचा उल्लेख दोनदा केला आहे. एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात, जेथे शेकत उभा असताना पेत्राने प्रभूला नाकारले. दुसऱ्यांदा तिबिर्याच्या समुद्राच्या काठी, जेथे उठलेल्या प्रभूने स्वतः विस्तव केला होता, त्यावर मासळी होती आणि भाकर होती. रात्रभर राबून दमलेले शिष्य काठाला लागले तेव्हा न्याहारी तयार होती. त्या निखाऱ्यांच्या वासाने पेत्राला काय आठवले असेल! प्रभूने त्याला तेथे आधी प्रश्न विचारला नाही. आधी जेवू घातले. प्रीतीविषयीचे तीन प्रश्न जेवणानंतर आले. ज्या विस्तवापाशी पेत्र पडला, तसाच विस्तव पेटवून प्रभूने त्याला उभे केले.

वाचकहो, जगाच्या तारणाऱ्याने पुनरुत्थानानंतर आपल्या हातांनी, त्या खिळ्यांच्या हातांनी, दमलेल्या माणसांसाठी न्याहारी रांधली. मग रांधणे हे कोणाचे हलके काम कसे राहील? आणि ते एकाच व्यक्तीच्या गळ्यात कसे अडकविता येईल?

या आठवड्यासाठी तीनच गोष्टी सुचवितो. एक दिवस असा निवडा की ज्याचे जेवण आदल्या रात्री घरातील सर्वांनी मिळून तयार केले असेल. त्यातून वाचलेला तास कोणाला द्यावयाचा हे भांडे ठेवण्यापूर्वीच ठरवा. शक्यतो अशा कोणाला, ज्याच्याशी बोलावयास कोणी उरलेले नाही. आणि आपल्या घरातील ज्या एका कठीण काळजावर आपण आजवर जाळ धरला, त्याच्यापुढे या आठवड्यात उपदेशाऐवजी एक ऊन जेवण ठेवा.

माझ्या घरी आता शनिवारी रात्री कांदे मी चिरतो. डोळ्यांना पाणी येते, पण रविवारी शेवटचे गीत होईपर्यंत माझी पत्नी माझ्या समोरच्या बाकावर बसलेली असते.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू काठावर विस्तव करून आमची वाट पाहणारा आहेस. आमच्या ओढाताणीत आमचे नाव घेऊन आम्हांला हाक मार. आमच्या घरांतील भार आम्हांला वाटून घेण्यास शिकव. जो वेळ तू देतोस तो तुझ्या लेकरांना देण्याची बुद्धी दे. आमच्या शेजाऱ्यांपुढे आम्हांला खरे व कोमल ठेव. आणि आमची कठीण काळजे तुझ्या प्रीतीच्या मंद, न विझणाऱ्या अग्नीवर ठेवून मऊ कर. आमेन.